सगुणाची झील

मंडळी, ऐका. देवाचं नाव घेऊन झालं, टाळ्या वाजवून झाल्या. आता हात मांडीवर आणि लक्ष इकडे. मघाशी मी एक प्रश्न टाकला होता, तो अजून तिथेच पडला आहे. कुणी उचलला नाही, म्हणून पुन्हा विचारतो –

ज्याने आपलं नाव पुसलं असं आपल्याला वाटतं, त्याचीच लाज चारचौघांत उघडी पडायची वेळ आली, तर आपण काय करायचं? झाकायची? की बघत बसायचं?

लगेच माना हलवू नका. देवळात बसून सगळेच म्हणतात, झाकायची. मीही म्हणतो. मी पोथ्या वाचत म्हातारा झालेला माणूस, कागदावर मला सगळं जमतं. पण आठ दिवस मनात कुढत असावं आणि ती वेळ समोर यावी – तेव्हा? काय वामनराव? वामनराव नुसते हसतात. पेटीवर बसणाऱ्याला हे एक बरं आहे, उत्तर द्यावं लागत नाही.

तर आख्यान. ह्यात ऋषी नाही, इंद्र नाही. तळकोकणातलं एक गाव, काताळ… काताळ… बघा, नावच अडकलं. धरा वामनराव सूर. हां – कातळगाव. तिथे विश्राम ठाकर नावाचे चित्रकथी होते. चित्रकथी म्हणजे काय? हातात चित्रांची चवड, तिला म्हणायचं पोथी. एकेक चित्र पाटावर उभं करायचं, लोकांना दाखवायचं आणि गाऊन कथा सांगायची. शेजारी एक जण हुडूक, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य, वाजवतो, आणि कथेकऱ्याची ओळ संपली की तीच उचलून पुन्हा गातो. त्याला म्हणतात झील धरणे. नियम एकच. झील मागून यायची. झीलकरी कथेकऱ्याच्या पुढे कधी जात नाही.

विश्रामआबा सत्त्याहत्तर वर्षांचे. तालुक्यातली एक शाळा अशी नाही, जिथे त्यांनी पाट मांडला नाही. आणि सांगायची रीत कशी? कथा ऐन रंगात आली की थांबायचे आणि पोरांना विचारायचे, "फुडे काय?" पोरं सांगतील ते आधी ऐकून घ्यायचे. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं तिथे बोलायची. अशा माणसाचा सत्कार ठरला. कलेची आणि शिक्षणाची जन्मभर सेवा केली म्हणून. कातळगावच्या शाळेत, चौकेकर हेडमास्तरांच्या पुढाकाराने.

नुसती शाल असती तर आबा सुखाने झोपले असते. पण त्या दिवशी जिल्ह्याच्या समितीच्या बाई येणार होत्या. दर शनिवारी मुलांना ही कला शिकवायची, असा एक वर्ग निघायचा होता. तो कातळगावात काढायचा की शहरातल्या मोठ्या शाळेत, हे बाई आबांची कथा बघून तिथल्या तिथे सांगणार होत्या. आबांच्या मागे ती पोथी उघडणारं घरात कुणी नव्हतं. वर्ग कातळगावात आला तर पोथी जगणार, नाही तर फडक्यात बांधून माळ्यावर जाणार. एवढं सगळं त्या एका कथेवर.

आता दुसरा माणूस. सगुण. आबांचा चुलतभाऊ, दहा वर्षांनी लहान. हुडूक त्याचा, झील त्याची. चाळीस वर्षं आबांच्या डाव्या हाताला बसलेला. वर्तमानपत्रात आबांचा फोटो यायचा, त्यात कडेला एक मनगट आणि अर्धा हुडूक दिसायचा. ते मनगट सगुणाचं. त्याने कधी तक्रार केली नाही.

पण सत्काराचं कार्ड आलं. त्यावर काय छापलं होतं? ‘ज्येष्ठ चित्रकथी विश्राम ठाकर व सहकारी.’

सगुण कार्ड घेऊन आबांच्या पडवीत गेला. उभ्यानेच विचारलं, "दादा, कार्ड बघलंस?"

"बघलंय तर."

"सगळा?"

"सगळा. बरा छापल्यानी हा. कागद पण जाड असा."

"मग तुका काय वाटला नाय?"

"काय वाटाचा हा? बरा असा म्हटलंय मा."

सगुण परत फिरला. तो आठ दिवस त्या पडवीत चढला नाही. बायकोला म्हणाला, "ह्यो सत्कार झालो की हुडूक खुंटीक. सहकारी व्हयो तर दुसरो बघ म्हणा."

मंडळी, त्याचं चुकलं का? मला नाही वाटत. पण एक वाक्य तुमच्या कानावरून गेलं. कागद जाड असा. अहो, कार्ड वाचलेला माणूस कागदाची जाडी सांगतो का?

विश्रामआबांना दिसत नव्हतं. तीन वर्षांपासून. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर सांगून बसले होते. आबांनी हे घरातही पुरतं कळू दिलं नव्हतं. म्हातारा माणूस काठी टेकत, कुणाच्या खांद्यावर हात ठेवून चालला, तर कोण विचारतो? आणि पोथी? ती हातालाच पाठ होती. बावीस पानं, वडिलांनी लावून दिलेला क्रम, तो कधी मोडला नाही. पहिला गणपती, दुसरा सिंहासनावरचा राजा, अकरावा राक्षस, बाविसावा राज्याभिषेक. हात उचलायचा, तोंड गायचं. आंधळा चित्रकथी म्हटलं की वर्ग गेलाच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

सत्काराच्या सकाळी चौकेकर मास्तरांनी काय केलं? त्यांच्या मनात भक्तीच होती, दुसरं काही नाही. आदल्या दिवशी पोथी मागून नेली. बावीस चित्रं शाळेच्या वऱ्हांड्यात दोरीला चिमटे लावून टांगली, येणाऱ्या पाहुण्यांनी बघावीत म्हणून. कार्यक्रमाची वेळ झाली तेव्हा काढली आणि रचली. मास्तर शिस्तीचा माणूस! गणपती सगळ्यात वर, बरोबर. मग राक्षस एकीकडे, रथ आणि लढाया एकीकडे, राजे एकीकडे. बायका शेवटी. कपाटातल्या वह्यांसारखी चवड करून, फडक्यात बांधून, आबांच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"नीट ठेवलात मा, मास्तर?"

"आबा, इतकी नीट कधी नव्हती."

शाळेची पोरं जमिनीवर, गाव मागे, बाई पुढच्या खुर्चीत. गणपती उभा राहिला, नमन झालं. सगुणाने झील धरली, पण तोंड दुसरीकडे करून. मग आबांनी दुसरं पान उचललं, पाटावर उभं केलं आणि गायला लागले, "बैसला राजा सिंहासनी, डोई मुकुट शोभतो छान…"

पाटावर होता राक्षस. सुळे बाहेर, डोळे तांबडे, तोंडात आडवा धरलेला बोकड.

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई गे, राजाच्या तोंडात बोकड!"

पोरं जी हसली! मास्तर उठून "शूऽ, शूऽ" करायला लागले. मोठी माणसंही हसली, आबांची गंमत समजून. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरच्या कागदावरून मान वर केली.

आबांच्या कानात एकच शब्द शिरला. बोकड. बोकड अकराव्या पानावर. म्हणजे क्रम मोडला. हाताखाली वीस पानं, आणि त्यातलं पुढचं कुठलं, हे सांगणारं जगात काही नाही. आबांचं तोंड उघडंच राहिलं. बोट चित्राच्या कडेवरून फिरायला लागलं, कोपरा चाचपायला लागलं.

ते बोट सगुणाने पाहिलं.

चाळीस वर्षं शेजारी बसलेला माणूस तो. बोट बघितलं, मग आबांचे डोळे बघितले, चित्राच्या वरून कुठेतरी भिंतीकडे लागलेले. आणि त्याला पडवी आठवली. कागद जाड असा.

आता थांबा. ओळ संपली आहे, झील सगुणाची आहे. हुडूक चालू आहे. त्याने काय करायचं होतं? काहीच नाही. नुसती ठरलेली झील धरायची, ‘बैसला राजा सिंहासनी’. म्हणजे नियमही पाळला आणि आबा उघडे पडले. कुणी सगुणाला बोल लावला नसता. राग मनातून एका क्षणात जातो, असं मी सांगणार नाही. मी तसा खोटं बोलणारा नाही. हुडकाचे तीन ठेके रिकामे गेले. चौथा गेला.

पाचव्याला सगुणाने तोंड उघडलं. "राजा निजलो सिंहासनी, सपनात इलो राक्षस, बोकड धरल्यान दातात, जी जी रं…"

कथेत ही ओळ नव्हती. त्यांच्या आज्यापणज्याने कधी गायली नव्हती. आबांचं बोट कडेवर थांबलं. मग हळूच ते म्हणाले, "सपान बघून राजा दचकलो…" आणि पान खाली ठेवून तिसरं उचललं. चित्र पाटावर टेकतंय न टेकतंय, तोच सगुण पुढे. "दोन राक्षस, हातात गदा!" आबा मागून, "गदा बघून सैन्य पळाला!" मग रथ, मग लढाई. सगुण सांगे चित्र काय, आबा सांगत काय झालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा झील पुढे होती आणि कथा मागे. दोघांच्या कपाळावरून घाम चाललेला. पोरांना काय त्याचं? पोरं पुढे सरकत सरकत पाटाला चिकटली. मध्येच राज्याभिषेक येऊन गेला, तोही आबांनी स्वप्नात घातला.

एकवीस पानं गेली. शेवटचं उरलं. सगुणाने ते बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. "झाडाखाली… एकटी राणी. रडता."

मंडळी, पोथी दुःखावर मिटायची नाही, ही त्या लोकांची रीत. ज्या घरात पाट मांडला, त्या घराला ते लागतं म्हणतात. आणि अभिषेकाचं पान केव्हाच होऊन गेलं होतं. सगुण आबांकडे बघायला लागला. आता त्याच्याकडेही काही नव्हतं.

आबांनी राणीच्या चित्रावर हात ठेवला. पोरांचा आवाज येत होता त्या बाजूला तोंड केलं, आणि आयुष्यभर विचारलं तेच विचारलं. "फुडे काय?"

ती बोकडवाली मुलगी म्हणाली, "रडून झाला की उठली. आणि राजाक शोधूक गेली."

"गावलो?"

"गावतलो. आमी बघलाव मा मघाशी. सिंहासनार बसलो हा."

"आयकलंस सगुणा?" आबा म्हणाले, "गावलो." आणि पोथी मिटली.

टाळ्या किती, ते सांगत नाही. बाई उठल्या, शाल घातली, नारळ दिला, माईक पुढे केला. आबा म्हणाले, "मास्तर, कार्ड वाचून दाखवा."

"आबा, तुम्ही वाचलंय ना?"

"नाय. माका दिसणा नाय. तीन वर्सां झाली. वाचा."

मास्तरांनी वाचलं, "ज्येष्ठ चित्रकथी विश्राम ठाकर व सहकारी."

"सहकारी कोण, मास्तर?"

मास्तरांनी कार्डाची घडी घातली आणि खिशात ठेवलं.

आबा सगुणाच्या बाजूला वळले. "सगुणा, ह्याच्यासाठी पडवीत येणा नाय होतंस? माका सांगूचा तरी."

"तू सांगलंस दिसणा नाय म्हणान?" सगुण म्हणाला.

बाईंनीच विचारलं, जरा अडखळत, "पण मग, आबा, मुलांना शिकवणार कसं?"

उत्तर आबांनी दिलं नाही. सगुणाने दिलं, हुडूक मांडीवरून न काढता. "आजच्यासारखा. चित्र काय असा ता मी सांगान. काय झाला ता दादा सांगात. आणि फुडे काय, ता पोरां."

वर्ग कातळगावात निघाला. दाराच्या पाटीवर दोन नावं आहेत. रंगवताना दुसऱ्या नावाची अक्षरं मास्तरांनी स्वतः ओढली, जरा वाकडी आली.

आता, मंडळी, तुमच्याकडे वळतो. तुमच्या घरच्या कार्डावर ‘व सहकारी’ कोण आहे? स्वयंपाकघरात कोण आहे? दुकानात मागे कोण उभा असतो? आठवलं कुणी? बसा, उठू नका. आधी माझं ऐका.

कीर्तन संपलं की तुम्ही मला बुक्का लावाल, हार घालाल, पाया पडाल. मघाशी गावाचं नाव अडकलं तेव्हा सूर कुणी धरला? वामनराव तेवीस वर्षं माझ्या मागे बसतात. त्यांचं आडनाव काय? मलाही आज सकाळी त्यांनाच विचारावं लागलं. कराळे. वामनराव कराळे. देवळाबाहेर फळा आहे, येताना वाचलात. माझं नाव आहे आणि पुढे लिहिलंय, ‘व साथीदार’. देवळाच्या पुजाऱ्याला दोष देऊ नका. ते अक्षर माझं आहे.

आज बुक्क्याची वाटी आधी पेटीकडे न्या. मी जरा बाहेर जाऊन येतो. खडू फळ्याखालीच ठेवलेला असतो.