एका थेंबाचा अर्ज

विषय: अर्जदाराच्या वडिलांच्या बोटातून रक्ताचा एक थेंब मिळणेबाबत. संदर्भ: अर्जदाराने जेवताना वेळोवेळी दिलेली तोंडी स्मरणपत्रे.

आता तुम्हीच सांगा, पोटची पोर बापाला असा अर्ज करते का? पण चूक माझीच, मीच म्हणालो, ‘लेखी दे, बघू.’ जन्मभर आवक-जावक सांभाळली, कागदाशिवाय बोटसुद्धा पुढं करायची सवय नाही... लेक प्रयोगशाळेत आहे, तिथं त्यांनी नखाएवढी पट्टी केलीय, म्हणे थेंबभर रक्तावरून घराण्यातला आजार ओळखते, आणि तिला सेल लागत नाही. मी चष्मा लावून उलटीपालटी करून पाहिली. सेल नाही, वायर नाही. मग वीज येते कुठून?

‘बाबा, रक्तातल्याच साखरेवर तयार होते.’

म्हणजे ज्याचं काम त्याच्याच रक्तावर चालवायचं, हे आमच्या कचेरीत जुनंच होतं, त्याला शोध म्हणतात हे ठाऊक नव्हतं. शिवाय पट्टीवर सोन्याचे कण, डोळ्यांना न दिसणारे. आमची ही लगेच, ‘तुम्ही माझ्या अंगावर घातलंत तेवढंच की.’ त्या कणांना म्हणे धागे चिकटवलेले, रक्तात दोषाचा तुकडा असला की तो नेमका धाग्याला येऊन बिलगतो आणि वीज वाढते. सगळं पटलं, तरी मी अर्जावर शेरा मारला: साखर कमी असल्यास वीज येते कुठून, खुलासा व्हावा. तिनं दिला. मी दुसरा मागितला, जेवणाआधी की नंतर? सोनं परत मिळतं का? तिनं तेही लिहून दिलं, आणि सहीच्या वर एक ओळ: ‘आधी थोरल्यांचं तपासतात; तुमच्यात नसेल तर माझ्यात नाही. मूल होऊ द्यायचं की नाही, तेवढं कळू द्या.’

दादाचे हात साठीनंतर थरथरायला लागले, त्याच्याआधी वडिलांचे. वडील कप अर्धाच भरून मागायचे, सांडू नये म्हणून. आम्हाला वाटायचं, चहा कमी केलाय.

परवा ती पट्टी घेऊन समोर बसली. ‘बाबा, आता काय राहिलं?’

‘वीज येते कुठून, ते पुन्हा एकदा सांग.’

तिनं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, न चिडता. तेवढ्यात आतून हिनं विचारलं, ‘चहा किती टाकू?’

मी म्हणालो, ‘अर्धा कप.’

लेक पट्टी अर्जावर ठेवून उठली.

शेरा मारायला आता जागा उरलेली नाही. अर्ज माझ्याच टेबलावर प्रलंबित आहे.