अ‍ॅम्बॅसिडरले हिसका द्याचा नाई

...आता तुमीच सांगा, ज्या शेडात पिठाची चक्की टाकाची म्हणून मी वायरमनले जागा दाखवून ठेवली, त्याच शेडात गाडी! चालते का? नाई. माह्या सासऱ्यांची अ‍ॅम्बॅसिडर. सासरे गेले तवापासून धाड गावच्या बाजारालेही गेली नाई, कोंबड्या मागच्या सीटवर अंडे देऊन राह्यल्या.

आन् आमचे हे, गजेंद्रराव, दसऱ्याच्या आधी शेडात शिरले ते म्हणे, गाडी सुरू करतो. तुमाले सांगते, चाबी लावली नाई, धक्का मारला नाई. चार प्लग काढले, चार भोकांत तेल सोडलं, पुढून हँडल घातलं आन् त्याच्यावर हात ठेवून बसले! म्हणलं, फिरवा ना. तर म्हणते, "हिसका द्याचा नाई. आतमधी पिस्टन चिकटले. हिसका देला का तुटलंच समज." मंग काय, रोज चहा झाला का थोडं तेल, थोडा दाब इकडून, थोडा तिकडून... लग्नात माहा हात एवढ्या जपून धरला नवता हो!

तेवढ्यात अमडापूरहून भासरे आले, ह्यायचे मोठे भाऊ महादेवराव. गाडी दोघा भावांची ना. त्यायनं सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत इंजिन फिरलं तर ठेव, नाई तर भंगारात. मी मनात म्हणलं, देव पावला, आली चक्की.

बरं, येनारा-जानारा इंजिनाचा डाक्टर. शेजारचे तौसिफभाई म्हणे ट्रॅक्टरले बांधून ओढू. माहा भाऊ म्हणे वरून हातोडा घाला. ह्यायचं एकच... हिसका द्याचा नाई. आन् खरंच सांगते, हँडल केसभर हलाले लागलं होतं.

अन् आली खंडेनवमी! त्या दिवशी घरातल्या विळ्याले, पान्याले, मिक्सरलेही हळदकुंकू. सासूबाई ताट घेऊन शेडात गेल्या. आपला लेक रोज सकाळी चार भोकांत तेल वाहते, हे त्या पाहून राह्यल्या होत्या. त्यायले वाटलं, नवस असन. त्यायनं नारळ फोडला आन् पानी चारी भोकांत सारखं वाटून ओतलं! वरून मलेच सांगते, गाडी इतके दिवस उपाशी होती.

दुसऱ्या दिवशी हँडल गच्च! मले वाटलं, आता हे घर डोक्यावर घेतात. कायचं काय! आईले एक शब्द नाई बोलले. सायकलच्या तारेले फडकं गुंडाळलं आन् एकेक भोक पुसत बसले. पुन्हा तेल, पुन्हा हात. तळहाताले फोड आले तरी तेच. मले लय वाईट वाटलं हो. चक्की पाहिजे होती मले, पन अशी नाई.

धनतेरसले भासरे हजर, संगं भंगारवाला. ह्यायनं हँडल सोडलं नाई, दाबूनच राह्यले. भासरे म्हणे, "सरक बे, मी देतो एक झटका." आन् मी... मले काय झालं मलेच ठाऊक नाई, मी मधात घुसली! म्हणलं, "दादा, हिसका द्याचा नाई." ह्यायच्या हातावर हात ठेवले, जात्यावर टाकतो तसं सारं अंग हळूच टाकलं... हलेच ना... हलेच ना... आन् आतून कुरकुर आली, आन् फिरलं! हँडल पुरं गोल फिरलं!

भंगारवाला चहा पिऊन गेला. हे तिथंच खाली बसून रडले. मीही रडली, खोटं काऊन सांगू?

मंग पदरानं डोये पुसले आन् म्हणलं, चला, आता करा सुरू, काढा बाहेर, शेड खाली करा. तर म्हणते काय, "सुरू कशी करू? इंजिन फिरलं, आता तं ते खोलाचं हाय."

आज पिस्टन माह्या पिठाच्या डब्यात हायेत, आणखी काय काय लोखंड पलंगाखाली. अन् तक्रार करू कोनाजवळ? भंगारवाल्याले तं मीच वापस धाडला.