फ्रिजचा पॉइंट

सुलक्षणा : त्या बोर्डाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते. वायरमन येतोय.

जयवंत : कोण वायरमन?

सुलक्षणा : साकीनाक्याचा रामनाथ. शेजारच्या लताच्या घरचं फिटिंग त्यानंच केलंय.

जयवंत : माझ्या घरात वायरमन बोलावलास? मला न विचारता? अगं, गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात सतरा वर्षं काढली मी! निम्म्या चारकोपचे पंखे मी लावलेत. लोक तोंडात शेण घालतील माझ्या!

सुलक्षणा : घालू देत. सकाळी फ्रिज उघडताना शॉक बसून आई भिंतीपर्यंत फेकल्या गेल्या, तेव्हा आले होते का लोक?

जयवंत : तिचे हात ओले होते. पायात चप्पल नव्हती.

सुलक्षणा : सत्तर वर्षांच्या बाईनं स्वतःच्या घरात चपला घालून दूध काढायचं? ऐका हो जरा स्वतःचं बोलणं!

जयवंत : आवाज खाली कर. फ्रिज जुना आहे, त्याचाच दोष. त्याच्यासाठी नवा पॉइंट मी स्वतः काढलाय.

सुलक्षणा : म्हणूनच भीती वाटते.

जयवंत : काय म्हणालीस?

सुलक्षणा : तुम्हांला दिसत नाही. डॉक्टरची चिठ्ठी मिळाली मला, शर्ट धुताना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करा म्हणून लिहिलंय. तारीख गणपतीच्या आधीची! आणि पॉइंट काढलात दिवाळीत!

जयवंत : माझे खिसे तपासतेस?

सुलक्षणा : तपासते! काय कराल? सांगा ना!

जयवंत : गिरणी गेली, सुलक्षणा. पाच वर्षं दुसऱ्याच्या गोदामात गेट उघडतोय मी. वायर हातात घेतली की तेवढ्यापुरता माणसात येतो. तेही काढून घे.

सुलक्षणा : आणि आज आई गेल्या असत्या तर? कुणाला सांगितलं असतंत हे?

(दारावर थाप. रामनाथ पिशवी घेऊन आत येतो, फ्रिजला टेस्टर लावून बघतो, मग मेन स्विच बंद करून फ्रिजचा बोर्ड उघडतो.)

रामनाथ : काकू, आजी वाचल्या म्हणायच्या. फ्रिजच्या पत्र्यावर करंट उतरतोय, आणि अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही.

जयवंत : खोटं बोलतोस! स्क्रू मी... स्क्रू घट्ट आहे तो!

रामनाथ : घट्ट आहे, काका. पण वायर त्याच्या खाली नाही, बाजूनं गेलीय. ही बघा ना, हिरवी.

जयवंत : कुठे?

रामनाथ : ही काय, माझ्या बोटापाशी.

(जयवंत बोर्डाला नाक लागेपर्यंत वाकतो, बोटानं वायर चाचपतो.)

रामनाथ : कुणी केलं हो हे काम? दोन शिव्या घालायच्या लायकीचा माणूस आहे.

सुलक्षणा : होता कुणीतरी. गेला सोडून. तुम्ही नीट करा तेवढं.

जयवंत : मी केलंय.

रामनाथ : काका, मला माहीत नव्हतं, मी आपलं...

जयवंत : बरोबर बोललास. घरातले बाकीचे पॉइंटही उघड. सगळे. एकही सोडू नकोस.

सुलक्षणा : अहो, बसा तुम्ही. चहा टाकते.

जयवंत : नको. आईकडे जातो आधी. ती मघापासून स्वतःलाच दोष देतेय, हात ओले होते म्हणून.

सुलक्षणा : काय सांगणार त्यांना?

जयवंत : खरं ते. आणि ऐक... डोळ्यांच्या हॉस्पिटलात तूही चल. बसचा नंबर वाचता येत नाही मला.