सरूचा एक टाइम

परवा तुमच्यातली कुणीतरी म्हणाली, "मी हल्ली एकच टाइम जेवते." ते ऐकलं आणि मला सरू आठवली.

बहात्तरच्या दुष्काळात परंड्याकडं आम्ही दोघी सरकारी कामावर खडी फोडायचो. दुपारी सगळ्या बायका भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायच्या, सरू नुसतं पाणी प्यायची.

"जेवत न्हाईस व्हय गं?" मी विचारलं.

"मी एकच टाइम जेवते, वैनी."

"कुणाचं व्रत धरलंस?"

"आईचं, तुळजापूरच्या."

मला तिचं लई कौतुक वाटलं. व्रत मोडायला नको म्हणून मी तिला भाकरीचा तुकडासुद्धा कधी देऊ केला नाही.

महिनाभरानं ती भर उन्हात खडीच्या ढिगावर कोसळली. कामावरच असलेली तिची जाऊ म्हणाली, "कशाचं व्रत, वैनी? घरात लेकरांनाच पुरत न्हाय."

सरू शुद्धीवर आली, तेव्हा मी माझी भाकरी तिच्या हातात ठेवली. म्हटलं, "आजपासून एक टाइमचं व्रत माझं. दुपारची भाकरी तुझी."

पाऊस येईतो मी ते पाळलं. सरूनं मात्र रोज अर्धीच खाल्ली. उरलेली लेकरांसाठी पदरात बांधून न्यायची.