मूळ रंग

रंगाच्या दुकानात सुताराचा नंबर मागचा होता. पुढच्या बहीणभावाचं बोलणं आपसूक त्याच्या कानावर पडत होतं.

“दादा, बाबांच्या ट्रॅक्टरचं इंजिन खुशाल नवं बसव. रंग मात्र आहे तोच राहू दे.”

“अगं, बागेतलं ते एवढंसं यंत्र. चाळीस वर्षांत पार रया गेलीय त्याची.”

“जाऊ दे. आई मडगार्डवर हात टेकून बाबांशी बोलत उभी राहायची. तिथे तिच्या पंजाएवढा रंग झिजलाय.”

“मला हे ठाऊकच नव्हतं.”

“तू होतास कुठे घरी?”

“कोणत्या मडगार्डवर?”

“डाव्या. का रे?”

भावानं हातातला डबा फळीवर परत ठेवला.

“काल जुना रंग खरवडायला बसलो. ऊन फार होतं. सावलीत डावंच होतं.”