महादेवचे सहा खडे

(गयानातलं कोरेंटाइन, रविवारची दुपार. मैदानाच्या कडेला चिंचेखाली सासू द्रुपती आणि सुरिनामहून नुकतीच लग्न होऊन आलेली सून सुमर्नी.)

द्रुपती: अगं, गोलबिल काही नसतो इथं! तुमच्या फुटबॉलचं खूळ आधी डोक्यातून काढ. ते तीन दांडके दिसतात?

सुमर्नी: किसूनच्या मागे?

द्रुपती: हां. बॉल त्यांना लागला की तुझा नवरा आउट. लागू द्यायचा नाही, म्हणून हातात बॅट. टोलवायचा आणि समोरच्या टोकाला पळायचं. झाला एक रन.

सुमर्नी: मग हा पळत का नाही? नुसता खाली वाकतोय.

द्रुपती: तो लाकेराम डोक्यावर टाकतोय ना, मेला!

सुमर्नी: डोक्यावर चालतो?

द्रुपती: अति झालं की अंपायर थांबवतो. तो बघ, पांढऱ्या टोपीतला महादेव. लाकेरामचा बाप.

सुमर्नी: बापच अंपायर?

द्रुपती: गावात दुसरा आहे कोण! तीस वर्षं उभा राहतोय. स्वतःच्या पोरांनासुद्धा आउट दिलंय त्यानं.

सुमर्नी: पोरांना... म्हणजे बलरामलाही?

द्रुपती: हे नाव तुला कोणी सांगितलं?

सुमर्नी: किसूननंच. काल. म्हणाला, इथंच माझा बॉल त्याच्या कानशिलावर बसला.

द्रुपती: खेळात लागलं गं. माझ्या लेकानं मुद्दाम नाही मारलं. चार दिवस हॉस्पिटलात होता, मग गेला बिचारा. आज वर्ष झालं.

सुमर्नी: मग किसूननं आज हेल्मेट का नाही घातलं?

द्रुपती: बलरामनं घातलं नव्हतं, म्हणून. पाया पडले मी त्याच्या. ऐकेल तर शपथ!

सुमर्नी: अगं बाई! कानाजवळून गेला!

द्रुपती: बस खाली. ओव्हरमध्ये बॉल सहाच असतात. महादेवच्या डाव्या खिशात सहा खडे आहेत. बॉल पडला की एक खडा उजव्या खिशात. डावा रिकामा झाला की तो 'ओव्हर' म्हणतो, आणि लाकेरामला थांबावंच लागतं. ही त्याची शेवटची आहे.

सुमर्नी: किती झाले?

द्रुपती: चार. घे, या दोन चिंचेच्या बिया धर. बॉल पडला की एक टाक.

सुमर्नी: पाच... खांद्याला लागला, आई!

द्रुपती: उभा आहे ना? मग झालं तर. आता एकच.

सुमर्नी: सहा! वाकला! वाचला!

द्रुपती: हुश्श! जीव नुसता टांगणीला लागला होता. घरी गेल्यावर दालपुरी करू त्याच्या आवडीची.

सुमर्नी: आई, महादेवकाका काही म्हणत का नाहीत?

द्रुपती: म्हणेल. खडे चाचपतोय.

सुमर्नी: सगळे बाहेर काढले.

द्रुपती: मोजत असेल.

सुमर्नी: नाही मोजत. आणि लाकेराम परत मागे चाललाय. पहिल्यापेक्षा लांब.

द्रुपती: काहीतरीच काय! महादेवभाऊ! अहो, सहा झाले! सहा झाले हो!

सुमर्नी: त्यांनी ऐकलं, आई. आपल्याकडे बघितलं, आणि खडे गवतात टाकून दिले.