अ चिठ्ठीची मटकी

तुम्ही हसाल, पण माझ्या संशोधनाचा पहिला निकाल आमच्या सासूबाईंनी फोडणीला टाकला होता.

मी प्लाझ्मावर काम करते. हवेतून जोराची वीज सोडली की हवा जांभळी चमकते, तोच प्लाझ्मा. त्यात थोडा वेळ धरलेल्या बियांना लवकर मोड येतात का, ते मला बघायचं होतं. रविवारी कॉलेज बंद, म्हणून भिजवलेली मटकी सावेडीच्या घरीच दोन फडक्यांत बांधून ओट्यावर ठेवली. प्लाझ्मातल्या मटकीला अ चिठ्ठी, साधीला ब. सकाळी मोड मोजायचे होते.

अंघोळ करून आले तर घरभर उसळीचा वास!

"आई, माझी मटकी?"

"लई झ्याक मोड आल्ते गं. म्हनलं, नाष्ट्याला व्हईल."

मी मटकन खाली बसले. चार महिन्यांची मेहनत कढईत रटरटत होती. मग ओट्यावरचं दुसरं फडकं दिसलं.

"हे का नाही घेतलं?"

"त्याला कुठं मोड आलेत अजून?"

चिठ्ठी पाहिली. ब! मी उठून आईंना मिठीच मारली आणि सगळं सांगितलं.

पुढे तीनदा नीट मोजून केलं. तिन्ही वेळा अ पुढे. आई तेव्हा ओट्याजवळ कुणाला फिरकू देत नव्हत्या. शेवटी मोड निरखत म्हणाल्या, "माझ्या माहेरी खर्ड्याला एक पाऊस पडतो अन् गायब व्हतो. ओल हाय तवर बी उगवलं तरच जगतं. रानात चालंल का हे?"

"पेरून बघावं लागेल, आई."

"मंग बसलीस काय? माझ्या भावाला फोन लाव."